गोव्यात मेटल डिटेक्टरने सापडलेलं नाणं: टांकसाळीची खूण कशी वाचायची

नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं हे सांगणारी खूण बहुधा सनाखाली असते आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. नवखा माणूस नाणं हातात आल्या आल्या तीच शोधतो, आणि तीही अंगठ्याने माती चोळून. तिथेच ती जाते. योग्य क्रम वेगळा आहे: आधी नाणं कुणाचं ते ठरवायचं, मग धातू, मग सन, आणि सगळ्यात शेवटी खूण. एकच ठिपका भारतीय नाण्यावर नोएडा सांगतो, ब्रिटिश काळातल्या नाण्यावर मुंबई, आणि पोर्तुगीज नाण्यावर तो नुसता गंजाचा खड्डा असू शकतो.

गोव्यात हा क्रम जास्तच महत्त्वाचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज चलन होतं, पण ब्रिटिश रुपया व्यापारातून सर्रास येत होता. गोंयकार नोकरीसाठी आफ्रिकेत गेले, जहाजांवर गेले, आणि सुटीवर येताना खिशात तिथली चिल्लर घेऊन आले. आता किनाऱ्यावर रशियन, जर्मन, ब्रिटिश पर्यटकांची नाणी पडतात. त्यामुळे इथे एकाच खड्ड्यातून चार राजवटींची नाणी निघू शकतात.

१. आधी जागा आणि कागद

डिटेक्टर विकत घेता येतो म्हणून तो कुठेही चालवता येतो असं नाही. जुने गोवे, चांदर, किल्ले आणि त्यांच्या आसपासची संरक्षित जागा पूर्ण वर्ज्य समजा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राज्याच्या संरक्षित स्थळांसाठी १९७८ चा वेगळा कायदा आहे. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, मग नाणं सापडो वा न सापडो. बोर्ड दिसला नाही ही सबब चालत नाही. गोव्यात कित्येक ठिकाणी बोर्ड झुडपात गेलेले असतात.

खासगी भाटात, म्हणजे कुणाच्या मालकीच्या बागायतीत, जायचं तर हे कागद जवळ ठेवा:

- भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, लेखी संमती. तारीख, सर्व्हे नंबर आणि सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.
- त्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा. संमती देणाऱ्याचं नाव त्यात आहे की नाही ते स्वतः वाचा. एका भाटाला सात वारस असणं ही इथली रोजची गोष्ट आहे, आणि एकाची सही म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे.
- मुंडकाराचं (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर त्याच्या आवाराबाबत त्याचंही म्हणणं घ्या.
- कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेची, जमीन असेल तर त्या कोमुनिदादच्या एस्क्रिव्हांवकडे (कारकुनाकडे) अर्ज करून पोच घ्या.
- स्वतःचं ओळखपत्र आणि डिटेक्टरचं बिल.

किनारा सरकारी जागा आहे. तिथे जायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करा आणि उत्तर फोनवर नको, कागदावर घ्या. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर तर मुळीच खणू नका. बांधात बोटभर भोक पडलं तरी भरतीचं खारं पाणी तेवढ्यातून शेतात शिरतं.

२. साहित्य

खणण्यासाठी: डिटेक्टर, पिनपॉइंटर (खड्ड्यात नाण्याची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), अरुंद पात्याची छोटी फावडी, वाळूसाठी भोकांची स्टीलची जाळीदार फावडी, आणि माती ठेवायला गोणपाटाचा तुकडा.

वाचण्यासाठी: १० पट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, लोहचुंबक, डिस्टिल्ड वॉटर, लाकडी टूथपिक, मऊ टिश्यू, सिलिका जेलच्या पुड्या, कागदी पाकिटं. नाण्यांसाठी बाजारात मिळणारी मऊ प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. गोव्याच्या दमटपणात ती वर्षभरात चिकट होतात आणि तांब्यावर हिरवा थर चढवतात. कागद किंवा कडक पॉलिप्रॉपिलीन वापरा.

४० पट, ६० पट लिहिलेली स्वस्त भिंगं घेऊ नका. त्यातून एवढासा भाग दिसतो की खूण सनाच्या कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. खुणेच्या बाबतीत आकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची असते.

३. डिटेक्टर आपल्या मातीला जुळवा

गोव्याची लाल माती म्हणजे जांभ्याची माती, लोखंडाने भरलेली. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर डिटेक्टर तिथे सारखा ओरडतो. नवखा माणूस मग संवेदनशीलता वाढवतो, आणि ओरडा दुप्पट होतो. करायचं ते नेमकं उलटं: संवेदनशीलता उतरवा आणि त्या जागीच ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र त्या मातीला जुळवून घ्या. पाच पावलं पुढे गेल्यावर माती बदलली तर पुन्हा करा. डिचोली-सांग्याच्या खाण पट्ट्यात हे आणखी कटकटीचं होतं. तिथे लहान कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) लावली तर नाणं आणि मातीचा आवाज वेगळा काढणं सोपं जातं.

ओली खारी वाळू ही दुसरी अडचण. मीठाचं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीचा साधा डिटेक्टर लाटेच्या पट्ट्यात भरकटतो. अनेक फ्रिक्वेन्सींचा असेल तर बीच मोड लावा. नसेल तर कोरड्या वाळूतच राहा, जिथे लोक टॉवेल पसरतात. नाणी खिशातून पडतात ती तिथेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या अलीकडच्या चिल्लरीतली बरीच नाणी चुंबकाला चिकटतात. १९८८ पासूनचे स्टीलचे २५ आणि ५० पैसे, १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया, २००५ पासूनचे दोन रुपये, हे सगळं फेरिटिक स्टेनलेस स्टील आहे. डिटेक्टरला ते लोखंड वाटतं, किंवा आकडा कधी खिळ्याचा, कधी एकदम वरचा, असा उड्या मारतो. परदेशी व्हिडिओ पाहून कुणी यंत्रात लोखंडाचा आवाज पूर्ण बंद केला की हातात फक्त बियरची झाकणं येतात आणि भारतीय नाणी वाळूतच राहतात. शिकण्याच्या काळात काहीही बंद करू नका. घरी एक बादली वाळू घ्या, त्यात आजचा रुपया, जुने कॉपर-निकेलचे दोन रुपये, एखादं बाटलीचं झाकण आणि कॅनची कडी पुरा आणि प्रत्येकाचा आवाज ओळखा. कॉपर-निकेल नाणी, म्हणजे आपले १९९२ नंतरचे जुने दोन रुपये आणि पोर्तुगीज काळातली शेवटची एस्कुदोची नाणीही, कॅनच्या कडीच्या आसपासच बोलतात. कडी टाळली की एस्कुदोही टळला.

४. खणताना नाण्याला पातं लावू नका

पिनपॉइंटरने जागा पक्की करा, मग नाण्यापासून चार बोटं लांब गोलाकार चीर द्या आणि ढेकूळ अख्खं उचला. कुळागरात माडाची, पोफळीची मुळं वरच असतात. तिथे पातं न चालवता हाताने माती सोडवा. ढेकूळ गोणपाटावर फोडा, नाणं काढा, खड्ड्यावरून डिटेक्टर पुन्हा फिरवा आणि माती आपल्या जागी दाबा.

नाणं निघालं की कडेने धरा. पॅन्टला पुसू नका. जांभ्याची माती बारीक सॅंडपेपरचं काम करते, आणि नाण्यावर सगळ्यात कमी उंचीचा भाग म्हणजे ही खूण. तशीच मातीसकट कागदी पाकिटात टाका, पाकिटावर तारीख, जागा आणि खोली लिहा. एकाच खड्ड्यातली नाणी एका पाकिटात, पण एकमेकांना घासणार नाहीत अशी कागदात गुंडाळून.

एकाच जागी दोनाहून जास्त जुनी नाणी निघाली, किंवा मातीचं भांडं लागलं, तर तिथेच थांबा. पुढचा खड्डा तुमचा नाही. त्याबद्दल शेवटच्या पायरीत.

५. धुणं: पाणी आणि सबुरी

डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं एक दिवस ठेवा. पाणी बदला, पुन्हा ठेवा. नळाचं पाणी चालेल का, असं बरेच विचारतात. त्यात क्लोरिन असतं आणि किनाऱ्यावरून आलेल्या तांब्यात आधीच भरपूर क्लोराइड असतं, तेव्हा नको. माती मऊ झाली की लाकडी टूथपिक पाण्यात भिजवून सनाच्या आजूबाजूची माती ढकला. खरवडू नका. टोक नाण्याला समांतर ठेवलं तर माती उचलली जाते आणि धातूला धक्का लागत नाही.

चिंच, आमसूल, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही नको. देवाची भांडी चिंचेने लखलखतात कारण वरचा थर निघून जातो. नाण्यावर खूण त्या थरातच उभी असते. घासून चकचकीत केलेलं नाणं जाणकार एका नजरेत ओळखतो आणि बाजूला ठेवतो.

धातूप्रमाणे थोडा फरक असा:

चांदी: फक्त पाणी. काळा थर राहू द्या. उलट त्या काळ्यावर बाजूने प्रकाश टाकला की अक्षर जास्त उठून दिसतं.

तांबं आणि कांसं: वाळल्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसून पुन्हा आली, तर ते आत अडकलेलं मीठ आहे. ते दमट हवेत तांबं खात राहतं. असं नाणं आठवडाभर नव्हे, काही आठवडे डिस्टिल्ड वॉटर बदलत ठेवावं लागतं, मग नीट सुकवून सिलिका जेलबरोबर बंद डब्यात. बाकीच्या नाण्यांपासून वेगळं ठेवा.

अॅल्युमिनियम: कातरलेल्या कडेचे १० पैसे, षट्कोनी २० पैसे खाऱ्या वाळूत सच्छिद्र होतात. त्यांच्यावरची खूण गेलेली असेल तर गेलेली. कुठलाही उपाय ती परत आणत नाही.

स्टील: तपकिरी डाग पडतात, पण खूण बहुधा शाबूत असते. पाणी पुरे.

सुकवताना ऊन नको. टिश्यूवर ठेवून वरून टिश्यू दाबा आणि दिवसभर तसंच राहू द्या.

६. कुणाचं, कशाचं, कधीचं

आता वजन, व्यास, चुंबक. लिहून घ्या. स्टीलचा १९९२ नंतरचा जुना रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर. ११ बाजूंचे कॉपर-निकेल दोन रुपये ६ ग्रॅम आणि २६ मिलिमीटर. जुने जाडजूड पाच रुपये ९ ग्रॅम आणि २३ मिलिमीटर. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. वापरून झिजलेला थोडा कमी भरेल. पण चांदीसारखं दिसणारं, रुपयाच्या आकाराचं नाणं ९ ग्रॅम भरलं किंवा चुंबकाला चिकटलं, तर त्यावर कुठलीही खूण असली तरी ते तुम्हाला हवं ते नाणं नव्हे.

वाचताना खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च नाण्याच्या कडेला, जवळजवळ आडवा धरा. नाणं हळूहळू फिरवा. उभारलेल्या खुणेची सावली एका बाजूला पडते आणि नाणं फिरवलं की सावलीही फिरते. खड्ड्यात सावली आतल्या बाजूला पडते. ठिपका आहे की गंजाचा खड्डा, हा वाद याच एका कृतीने मिटतो. मोबाइलवर फोटो काढायचा तर तोही याच प्रकाशात. वरून फ्लॅश मारलेल्या फोटोत खूण सपाट होते.

७. भारतीय नाणी

प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर खूण सनाखाली असते. चार टांकसाळी आहेत:

- मुंबई: डायमंड, म्हणजे पत्त्यातल्या चौकटचा आकार.
- हैदराबाद: पाच टोकांची चांदणी. सुरुवातीच्या दशकांतल्या काही नाण्यांवर मधोमध चिरलेला डायमंड, किंवा पोटात ठिपका असलेला डायमंड.
- नोएडा: गोल ठिपका. ही टांकसाळ १९८८ ची, म्हणून त्याआधीच्या सनाखाली ठिपका दिसला तर तो नोएडाचा नाही.
- कोलकाता: काहीही नाही.

रिकामी जागा ही कोलकात्याची खूण आहे, पण ती शेवटी मान्य करायची. सनाखालची जागा गुळगुळीत आणि नाण्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या भागाइतकीच शाबूत असेल तरच कोलकाता म्हणा. तिथे गंज किंवा ओरखडा असेल तर वहीत ‘अस्पष्ट’ लिहा. जमिनीतून निघालेल्या नाण्यांत नवखे लोक निम्मी नाणी कोलकात्याच्या नावावर टाकतात ती याच घाईत.

झिजलेला डायमंड आणि झिजलेली चांदणी दोन्ही ठिपक्यासारखी दिसतात. भिंगाखाली कडा बघा: नोएडाच्या ठिपक्याला कुठेच कोपरा नसतो, डायमंडचे वरचे-खालचे टोक शेवटपर्यंत टिकतात, चांदणी झिजली तरी तिचा घेर खडबडीत राहतो. सन वाचता येत असेल तर १९८८ ची रेघ वापरा. १९८२ च्या नाण्यावर ठिपका दिसतोय म्हणजे तो झिजलेला डायमंड किंवा चांदणी आहे.

चिल्लर कमी पडली तेव्हा सरकारने बाहेरच्या टांकसाळींतूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर सनाखाली रोमन लिपीतलं ‘एच’ आहे, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. ‘सी’ म्हणजे कॅनडातलं ओटावा. दक्षिण कोरियातल्या नाण्यांवरही चांदणी आहे, पण ती सनाच्या मध्याखाली नसून पहिल्या किंवा शेवटच्या अंकाखाली असते. मघाशी जागा महत्त्वाची म्हटलं ते यासाठी: फक्त ‘चांदणी आहे’ एवढंच टिपलं तर हैदराबाद आणि कोरिया एक होतात. नव्वदच्या दशकाअखेरच्या रुपयावर ‘एम’च्या डोक्यावर बारीक वर्तुळ दिसलं तर ते मेक्सिको. १९९९ च्या पाच रुपयांवर तीन अक्षरांची रशियन खूण असेल तर मॉस्को.

८. ब्रिटिश काळातली नाणी

इथे दोनच टांकसाळी मुख्य: कलकत्ता आणि मुंबई. कलकत्त्याची बहुतेक नाणी बिनखुणेची. मुंबईने मात्र खूण बदलत ठेवली. व्हिक्टोरियाच्या १८७४ नंतरच्या रुपयांवर रोमन ‘बी’ खालच्या नक्षीत लपलेला असतो, कधी उठावात, कधी खोदलेला. सातव्या एडवर्डच्या रुपयांवरही तसाच नक्षीत शोधायचा. पाचव्या जॉर्जपासून ठिपका, आणि सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर ठिपका किंवा डायमंड. दुसऱ्या महायुद्धात लाहोरलाही नाणी पाडली. १९४३ ते १९४५ च्या नाण्यांवर ‘एल’ दिसला तर तो लाहोरचा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्मी झाली, त्यामुळे युद्धकाळातला रुपया जमिनीत जास्त डागाळतो आणि ‘एल’च्या आडव्या पायावर हिरवट चिकटून बसतं. टूथपिक तिथेच थोडी जास्त वेळ चालवा.

मानेच्या छेदावरची अक्षरं टांकसाळीची समजू नका. १८३५ च्या रुपयावर राजाच्या मानेखाली दिसणारं ‘आरएस’ किंवा ‘एफ’ ही टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं आहेत. १८४० च्या राणीच्या रुपयावरचं ‘डब्ल्यू डब्ल्यू’ हे मुखवटा कोरणाऱ्या विल्यम वायनचं.

मुघली धर्तीच्या रुपयांवर, ज्यात सुरतेचे आणि मराठ्यांचेही आले, खूण नव्हे तर टांकसाळीचं नावच फारसीत ‘जर्ब’ (म्हणजे ‘पाडलं’) या शब्दासोबत येतं. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून नाव बहुधा कडेबाहेर गेलेलं असतं. मराठी रुपयांवर अंकुशासारखी चिन्हंही सापडतात, त्यावरूनच ‘अंकुशी रुपया’ हे नाव पडलं. शिवराईवर मात्र टांकसाळ शोधत बसू नका. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, बस.

९. पोर्तुगीज नाणी

आपल्याकडे खरी गंमत इथे आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

आल्फोन्स द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर लगेच इथे नाणी पाडायला सुरुवात केली. पणजीतल्या मुख्य पोस्टाजवळचं ‘काझा दा मोएदा’ हे घर म्हणजे पुढच्या काळातली टांकसाळ. हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांवर मधे पोर्तुगालची ढाल असते आणि तिच्या दोन बाजूंना रोमन ‘जी’ आणि ‘ए’. ती गोव्याची खूण. ‘डी’ आणि ‘ओ’ असेल तर दीव. नंतरच्या, राजा-राणीचा मुखवटा असलेल्या रुपियांवर (पोर्तुगीज रुपयांवर) ‘गोवा’ हे नावच रोमन लिपीत येतं.

अडचण अशी की चकती हाताने कापलेली, ठसा हाताने मारलेला. ठसा जरा सरकला की एका बाजूचं अक्षर कडेबाहेर जातं. मग एकटा ‘ए’ दिसतो, किंवा अर्धं ‘जी’, जे ‘सी’ नाहीतर ‘ओ’ वाटतं. अशा वेळी अक्षरावरून ढाल ठरवू नका, ढालीवरून अक्षर ठरवा. ढाल सरळ धरा, मुकुट वर. आता उरलेलं अक्षर डावीकडे आहे की उजवीकडे ते बघा. डावीकडचं गोलसर अक्षर ‘जी’ असेल तर त्याला आतल्या बाजूला आडवी दांडी असते, ‘डी’ असेल तर पाठ सरळ असते. ढाल उलटी धरली की सगळंच उलटं वाचलं जातं, आणि गोव्याचं नाणं दीवचं होतं.

कथलाची बाझारुक नाणी आपल्या मातीत भुगा होतात. त्यांना पाण्यातही जास्त वेळ ठेवू नका. त्यावर आऱ्यांचं चाक दिसलं तर ते संत कॅथरिनचं. आल्बुकेर्कने शहर पुन्हा जिंकलं तो २५ नोव्हेंबर, तिचा सण, म्हणून ती गोव्याची रक्षक संत. हेच चाक पुढे पोर्तुगीज इंडियाच्या ढालीत गेलं आणि शेवटच्या एस्कुदो नाण्यांवरही आहे. ते राजचिन्हाचा भाग आहे, टांकसाळीची खूण नव्हे.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर इथली रुपिया ब्रिटिश रुपयाच्या वजनाची झाली, तीच ११.६६ ग्रॅम. १८८१ आणि १८८२ च्या लुईश राजाच्या रुपिया कलकत्त्याला पाडल्या. म्हणजे लेख पोर्तुगीज, टांकसाळ बंगालची, आणि खूण काहीच नाही! पुढे करार संपला आणि काम लिस्बनकडे गेलं. कार्लुश राजाचे १९०१ आणि १९०३ चे तांग्याचे (रुपियाहून लहान नाण्याचे) भाग, १९३४ च्या तांगा मालिका, १९४७ आणि १९५२ ची नाणी, आणि १९५८ पासूनचे सेंताव्ह-एस्कुदो यांवर टांकसाळीची खूण नसते. १० आणि ३० सेंताव्ह कांस्याचे, त्यावरचे एस्कुदो कॉपर-निकेलचे. ‘एस्तादो दा इंडिया’ लिहिलेल्या नाण्यावर सनाजवळ ठिपका दिसला तर वरचा सावलीचा प्रयोग करा आणि खड्डा म्हणून सोडून द्या.

या नाण्यांत जी किंमत आहे ती सन, अवस्था आणि सापडलेल्या जागेत. खूण शोधत भिंग झिजवण्याऐवजी सनाचा शेवटचा अंक नीट वाचा.

१०. बाहेरून आलेली

मधे भोक असलेलं, ‘ईस्ट आफ्रिका’ लिहिलेलं नाणं साष्टी-बार्देशच्या घरांभोवती निघालं तर नवल नाही. त्यावर ‘एच’ म्हणजे हीटन, ‘केएन’ म्हणजे किंग्ज नॉर्टन, ‘एसए’ म्हणजे प्रिटोरिया. आणि युद्धकाळातल्या काहींवर ‘आय’ असतं, ती आपली मुंबई.

मोरजी, हरमल, कळंगुटच्या वाळूत रशियन नाणी निघतात: कोपेकवर ‘एम’ किंवा ‘एस-पी’ या अर्थाची रशियन अक्षरं, रुबलवर गरुडाच्या पायाखाली मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गची जोडअक्षरं. जर्मन युरोवर ए, डी, एफ, जी, जे ही अक्षरं अनुक्रमे बर्लिन, म्युनिक, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हाम्बुर्ग. इथे एकटं ‘जी’ बघून गोवा म्हणणारेही भेटतात. पोर्तुगालच्या अलीकडच्या नाण्यांवर ‘आयएनसीएम’ हे टांकसाळीचं संक्षिप्त नाव असतं.

११. नाणं नसलेली नाणी

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, सन १८१८, आणि दुसऱ्या बाजूला मारुती, लक्ष्मी किंवा रामदरबार: हे कंपनीचं चलन कधीच नव्हतं. ते देवळातले टोकन आहेत आणि जत्रांतून, फ्ली मार्केटांतून हजारांनी फिरतात. पुतळीच्या माळेतल्या नकली चकत्याही वाळूत सापडतात. त्यांच्यावर लेख वाचता येत नाही, नुसता लेखाचा भास असतो. खरं नाणं दागिन्यात वापरलेलं असेल तर कडी बसवलेल्या जागी डाग आणि झाळ दिसते, आणि ती कडी बऱ्याचदा सनाच्याच बाजूला लावलेली असते. अशा नाण्याच्या खुणेबद्दल मत देऊ नका.

१२. नोंद, कळवणं आणि विकायचा मोह

वहीत प्रत्येक नाण्यासाठी हे टिपा: जागा, खोली, तारीख, जमीनमालक, वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं का, सन, खुणेचा आकार, खुणेची नेमकी जागा, आणि खात्री किती. शेवटच्या रकान्यात ‘स्पष्ट’, ‘बहुधा’ किंवा ‘अस्पष्ट’ एवढे तीनच शब्द पुरतात.

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. किंमत १० रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. लपवलं तर आपला हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रीतसर कळवलं आणि कुणी जुना मालक उभा राहिला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन भाग सापडणाऱ्याला आणि एक भाग जमीनमालकाला मिळतो. सरकारला नाणी हवी असतील तर धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश देऊन ती घेता येतात. अर्जाची प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्यालाही द्या आणि दोन्हीकडे शिक्का मारलेली पोच मागा.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बनला किंवा लंडनला परत जाणाऱ्या चुलतभावाच्या बॅगेत ‘आठवण म्हणून’ घातलेली रुपियासुद्धा विमानतळावर अडवली जाऊ शकते.

अमुक खुणेचे पाच रुपये लाखांना जातात, अशा जाहिराती रोज येतात. त्यात आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेने स्वतः २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. खरा घेणारा आधी नाणं हातात मागतो, पैसे मागत नाही.

आणि वाळूत नाण्याऐवजी मंगळसूत्र, अंगठी किंवा साखळी निघाली तर ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या. काडतूस किंवा तत्सम काही दिसलं तर हात लावू नका, जागेवर खूण करा आणि ११२ ला फोन करा.